राउटरमध्ये नियम टाकला. पण लाइट गेल्यावर तो टिकला का?



घरातून उद्योग करणाऱ्यांसाठी आपण जी मालिका करतोय, त्यातला हा तंत्रज्ञानाचा भाग. व्हिडिओमध्ये मी सगळ्या पायऱ्या स्क्रीनवर करून दाखवल्या आहेत. पण तुम्ही प्रत्यक्ष राउटरसमोर बसता, तेव्हा नेमकं ते वाक्य व्हिडिओत कुठे होतं ते सापडत नाही. म्हणून हा लेख. तो शेजारी उघडा ठेवा आणि एकेक पायरी करत जा. राउटरच्या पानावर बटणांची नावं इंग्रजीत दिसतील, इथे मी त्यांचे उच्चार मराठीत दिले आहेत.

आधी माझीच फजिती सांगते.

माझ्या घरी काय झालं

प्रशिक्षण सुरू करण्याआधी मी घरून फराळ आणि मसाल्यांच्या ऑर्डर घेत होते. पुढच्या खोलीत पॅकिंगचं टेबल, मदतीला दोन ताई, आणि माल मोजला जातो तिथे चार कॅमेरे. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर घरच्याच राउटरला जोडलेला. कॅमेरे फक्त घरातून दिसावेत, रेकॉर्डरने इंटरनेटवर जाऊच नये, असं मी कॅमेरे बसवणाऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं. त्याने लॅपटॉप जोडला, काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप केली आणि म्हणाला, "बघा मॅडम, बंद." मी मोबाइल डेटावरून ॲप उघडून पाहिलं. खरंच बंद होतं. पैसे दिले, विषय संपला.

जूनमध्ये वळवाच्या पावसात संध्याकाळी तासभर लाइट गेली आणि आली. त्यात नवीन काय?

काही दिवसांनी मुलगी मामाकडे गेली होती. तिथून तिचा फोन आला, "आई, तू आत्ता चकलीचे डबे भरतेयस ना? निळ्या साडीत?" तिच्या मोबाइलमध्ये ते जुनं ॲप राहिलं होतं. तिने सहज उघडलं आणि आमचं टेबल तिला थेट दिसलं.

ती हसत होती, माझ्या मात्र पोटात गोळा आला. कारण त्या टेबलावर पार्सलांना चिकटवायची लेबलं पसरलेली असायची. त्यावर गिऱ्हाइकांची नावं, घरचे पत्ते, मोबाइल नंबर. शिवाय दिवसभर तिथे काम करणाऱ्या दोन बायका. आणि रेकॉर्डरचा पासवर्ड? कंपनीतून आला होता तोच. माझ्या मुलीला दिसलं, तसं आणखी कुणाला दिसलं असेल का, याचं उत्तर मला आजही माहीत नाही.

चूक साधी होती. त्या माणसाने नियम टाकला होता, पण जतन केला नव्हता. लाइट गेली, राउटर बंद पडला आणि नियम पुसला गेला. राउटर पुन्हा सुरू झाला, इंटरनेट चालू झालं, म्हणून आम्हाला सगळं ठीकच वाटलं. फायरवॉलचा नियम गेला की कसलाही आवाज होत नाही, दिवा लाल होत नाही. इंटरनेट बंद पडलं की पाच मिनिटांत कळतं. नियम गेला तर महिनोन्महिने कळत नाही.

फायरवॉल म्हणजे काय, दोन वाक्यांत

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आठवा. कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय हे तो यादीप्रमाणे बघतो. राउटरमधली फायरवॉल हेच काम इंटरनेटवरच्या प्रत्येक देवाणघेवाणीसाठी करते.

घरच्या राउटरची यादी साधारण अशी असते: बाहेरून कुणी स्वतःहून आत येऊ नये, आणि घरातल्या कोणत्याही उपकरणाला बाहेर जाण्याची पूर्ण मुभा. अडचण या दुसऱ्या भागात आहे. रेकॉर्डर स्वतःहून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क करतो, आणि त्याच वाटेने तुमचं ॲप जगातून कुठूनही त्याच्यापर्यंत पोचतं. ही वाट बंद करायची तर यादीत आपला वेगळा नियम घालावा लागतो. आजचा विषय तो नियम टिकवण्याचा आहे.

पाटी आणि चोपडी

राउटर हा एक छोटा संगणक आहे. त्याच्याकडे दोन प्रकारची स्मरणशक्ती असते.

पहिली चालू स्मृती, म्हणजे रॅम. फायरवॉल ज्या यादीवर आत्ता या क्षणी काम करतेय, ती इथे असते. वीज गेली की ही कोरी होते.

दुसरी साठवणीची स्मृती, म्हणजे फ्लॅश. वीज गेली तरी इथलं राहतं. राउटर सुरू होताना इथली सेटिंग वाचतो आणि त्यावरून चालू यादी नव्याने तयार करतो.

दुकानातली पाटी आणि चोपडी असते ना, तसंच. दिवसभराची उधारी पाटीवर मांडली आणि रात्री चोपडीत उतरवली नाही, तर सकाळी पोरगा पाटी पुसतो आणि उधारी बुडते. काळ्या स्क्रीनवर टाइप केलेली फायरवॉलची ओळ ही पाटीवरची नोंद आहे. ती लगेच लागू होते, म्हणून आपण फसतो.

पाटी केव्हा केव्हा पुसली जाते?

बहुतेकांना फक्त लाइट जाणं आठवतं. प्रत्यक्षात वेळा तीन आहेत.

१. राउटर बंद होऊन सुरू होणं. लाइट जाते, कुणीतरी प्लग काढतं, "नेट स्लो आहे" म्हणून घरातलं कुणी बटण दाबतं.

२. राउटर चालू असतानाच फायरवॉल नव्याने मांडली जाणं. हे फार कमी जणांना माहीत असतं. इंटरनेटची लाइन तुटून पुन्हा जोडली गेली, किंवा तुम्ही राउटरच्या पानावर एखादी सेटिंग बदलली, तर अनेक राउटर संपूर्ण यादी पुसून चोपडीवरून पुन्हा लिहितात. लाइट गेलेली नसते, तरी तुमचा नियम जातो.

३. सॉफ्टवेअर अपडेट किंवा रिसेट. इथे चोपडीच बदलली जाऊ शकते. रिसेटचं छोटं बटण पिनने काही सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो.

एक गंमत सांगते. घरून काम करणारे बरेच जण राउटरला छोटा यूपीएस लावतात. चांगली गोष्ट आहे, जरूर लावा. पण त्यामुळे राउटर महिनोन्महिने बंदच होत नाही आणि जतन न केलेला नियम तोवर व्यवस्थित चालतो. मग एके दिवशी यूपीएसची बॅटरी जाते आणि सहा महिन्यांपूर्वीची चूक तेव्हा बाहेर येते. तोपर्यंत नियम कुणी टाकला होता, कसा टाकला होता, हेही कुणाला आठवत नाही.

मग थेट जतनच करायचं ना? थांबा!

पाटीचा एक मोठा फायदा आहे. नियम लिहिताना तुमची चूक झाली आणि स्वतःच राउटरच्या बाहेर अडकलात, तर राउटर बंद करून सुरू करायचा. चुकीचा नियम पुसला जातो आणि तुम्ही परत आत. तोच नियम आधीच चोपडीत गेला असेल, तर राउटर सुरू होताना तो पुन्हा लागू होणार आणि शेवटी रिसेट करून सगळं पहिल्यापासून मांडावं लागणार.

म्हणून काळ्या स्क्रीनवर काम करणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी तात्पुरता नियम, मग तपासणी, मग जतन, मग पुन्हा तपासणी. माझ्या घरी पहिल्या दोन पायऱ्या झाल्या होत्या. उरलेल्या दोन राहिल्या.

तुमचा राउटर कोणत्या जातीचा आहे?

नियम कुठे जतन होतो हे राउटरमधल्या सॉफ्टवेअरवर ठरतं. तुमचा गट ओळखा.

गट पहिला: इंटरनेट कंपनीने दिलेला डबा. याची चावी पूर्णपणे तुमच्या हातात नसते. टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने कंपनी दुरूनच या डब्याच्या सेटिंग बदलू शकते. त्यामुळे तुम्ही नीट जतन केलेला नियमही एखाद्या दिवशी नाहीसा होऊ शकतो. शिवाय काही डब्यांत लागू करण्याचं आणि जतन करण्याचं बटण वेगळं असतं. पहिलंच दाबून आपण बाहेर पडतो. धंद्याची उपकरणं घरात असतील तर या डब्यामागे स्वतःचा राउटर लावा आणि सगळी उपकरणं त्या राउटरला जोडा.

गट दुसरा: दुकानातून आणलेला साधा राउटर. बहुतेक राउटरांत नियम वेब पानावरूनच टाकायचा असतो आणि सेव्ह दाबलं की तो फ्लॅशमध्ये जातो. उपकरणाचं इंटरनेट बंद करण्याची सोय ॲक्सेस कंट्रोल किंवा पेरेंटल कंट्रोल अशा नावाखाली सापडते. तुमचं काम तेवढ्यात होत असेल तर काळ्या स्क्रीनच्या वाटेला जाऊच नका.

गट तिसरा: असुसचे राउटर, ज्यावर मर्लिन सॉफ्टवेअर घातलंय. ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या सिस्टिमच्या पानावर जेएफएफएस कस्टम स्क्रिप्ट्सची परवानगी आधी चालू करा. मग जेएफएफएसमधल्या स्क्रिप्ट्सच्या फोल्डरमध्ये 'फायरवॉल-स्टार्ट' नावाची फाइल बनवून त्यात नियम लिहा. नाव हेच हवं. फायरवॉल जेव्हा जेव्हा नव्याने मांडली जाते, तेव्हा तेव्हा राउटर ही फाइल स्वतःहून चालवतो. त्यामुळे वरच्या यादीतली दुसरी अडचणही सुटते. फाइलला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका, आणि ती विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून चढवू नका. ओळीच्या शेवटी जी अदृश्य खूण राहते तिच्यामुळे फाइल चालत नाही.

गट चौथा: डीडी-डब्ल्यूआरटी किंवा टोमॅटो. डीडी-डब्ल्यूआरटीमध्ये ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या कमांड्सच्या पानावर नियम लिहून 'सेव्ह फायरवॉल' दाबा. तिथेच शेजारी 'रन कमांड्स' हे बटण आहे. ते दाबलं की नियम फक्त पाटीवर जातो. टोमॅटोमध्ये ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये स्क्रिप्ट्स आणि त्यात फायरवॉल नावाचा टॅब आहे. तिथे लिहून सेव्ह करा.

गट पाचवा: ओपनडब्ल्यूआरटी. हे फुकट, खुलं आणि खूप राउटरांवर चालणारं सॉफ्टवेअर. पूर्ण ताबा हवा असेल त्याने हेच शिकावं, म्हणून पुढच्या पायऱ्या याच्याच देते. काही वेगळं वापरत असाल तरी वाचा. विचार सगळीकडे हाच आहे.

ओपनडब्ल्यूआरटीवर, पायरी पायरीने

समजा, आपल्याला रेकॉर्डरला इंटरनेटवर जाण्यापासून अडवायचंय.

पायरी १: रेकॉर्डरचा पत्ता कायम करा. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देतो, पण तो उद्या बदलू शकतो. आज रेकॉर्डर १९२.१६८.१.५० वर आहे म्हणून तुम्ही त्या पत्त्यावर नियम लावला, आणि पुढच्या महिन्यात तो पत्ता बिलिंगच्या लॅपटॉपला मिळाला, तर रेकॉर्डर मोकळा आणि बिलिंग बंद! म्हणजे नियम टिकला, पण भलत्यालाच लागला. त्यामुळे नेटवर्क, मग डीएचसीपी अँड डीएनएस, मग स्टॅटिक लीझेस इथे जाऊन रेकॉर्डरच्या मॅक पत्त्यासमोर आयपी पत्ता पक्का करा. मॅक पत्ता म्हणजे उपकरणाचा स्वतःचा क्रमांक.

पायरी २: नियम तयार करा. नेटवर्क, मग फायरवॉल, मग ट्रॅफिक रूल्स. नवा नियम घ्या. नाव असं द्या की वर्षाने वाचलं तरी कळेल, उदाहरणार्थ 'रेकॉर्डर इंटरनेट बंद' याचं इंग्रजी रूप. प्रोटोकॉल 'एनी'. सोर्स झोन 'लॅन', डेस्टिनेशन झोन 'वॅन'. ॲक्शन 'रिजेक्ट'. सोर्स म्हणून शक्यतो रेकॉर्डरचा मॅक पत्ता द्या. कारण आयपीव्ही४ चा पत्ता दिला तर नियम फक्त त्याच मार्गाला लागतो. घरी आयपीव्ही६ चालू असेल तर रेकॉर्डर त्या दुसऱ्या दाराने बाहेर जाईल.

पायरी ३: सेव्ह अँड अप्लाय. नुसतं 'सेव्ह' दाबलं तर बदल रांगेत थांबतो. 'सेव्ह अँड अप्लाय' दाबल्यावर तो फ्लॅशमधल्या सेटिंगमध्ये जातो आणि लागूही होतो. बदलामुळे तुमच्या संगणकाचा राउटरशी संपर्क तुटला, तर हे पान थोडा वेळ थांबून जुनी सेटिंग आपोआप परत आणतं. म्हणूनच नवशिक्यांनी वेब पानावरून काम करावं; पाटीची सुरक्षितता आणि चोपडीचा टिकाऊपणा दोन्ही मिळतात. काळ्या स्क्रीनवरून यूसीआय वापरत असाल, तर 'सेट' केल्यावर 'कमिट' आणि त्यानंतर फायरवॉल रीस्टार्ट केलीच पाहिजे. 'कमिट' म्हणजेच चोपडीत उतरवणं.

पायरी ४: रेकॉर्डर बंद करून सुरू करा. आधीपासून चालू असलेल्या जोडण्यांना फायरवॉल सहसा नव्याने अडवत नाही. नियम फक्त नव्या जोडण्यांना लागतो. जुनी जोडणी तशीच राहिली की "नियम चालतच नाही" असं वाटून लोक भलतेच बदल करत बसतात.

पायरी ५: वेब पानावर न बसणारे खास नियम असतील तर. इथे आवृत्ती बघा. ओपनडब्ल्यूआरटीच्या २२.०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, फायरवॉलचं आतलं यंत्रच बदललं. आधी आयपीटेबल्स होतं, आता एनएफटेबल्स आहे. पूर्वी खास नियम ईटीसी फोल्डरमधल्या 'फायरवॉल डॉट यूजर' या फाइलमध्ये लिहीत. नव्या आवृत्तीत ते ईटीसीमधल्या 'एनएफटेबल्स डॉट डी' या फोल्डरमध्ये, 'डॉट एनएफटी' शेवट असलेल्या फाइलमध्ये, नव्या भाषेत लिहायचे. जुनी फाइल जागेवर दिसते, पण तिच्यातले नियम आपोआप लागू होत नाहीत. कुणी पाच वर्षांपूर्वीची युक्ती सांगितली तर आधी आवृत्ती तपासा.

आणखी एक. टेम्प नावाच्या फोल्डरमध्ये काहीही ठेवू नका. तो फोल्डर रॅममध्ये असतो. फाइल दिसते, उघडते, आणि राउटर बंद झाला की गायब.

आता परीक्षा घ्या: तीन पेपर

हा भाग टाळू नका. माझ्याकडे नेमका हाच राहिला होता.

*पहिला पेपर.* मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि कॅमेऱ्याचं ॲप उघडा. चित्र दिसता कामा नये. घरच्या वायफायवर बसून ही परीक्षा घेऊ नका. घरात चित्र दिसणारच. मोबाइल आणि रेकॉर्डर एकाच जाळ्यात असले की त्यांचं बोलणं राउटरच्या फायरवॉलपर्यंत येतच नाही.

*दुसरा पेपर.* राउटर चालू ठेवून इंटरनेटची वायर काढा, मिनिटभराने लावा. शिवाय फायरवॉल एकदा रीस्टार्ट करा. पुन्हा मोबाइल डेटावरून बघा.

*तिसरा पेपर.* राउटरचा प्लग काढा. यूपीएस असेल तर यूपीएसपासूनही काढा. मिनिटभर थांबा, लावा. रेकॉर्डरही बंद करून सुरू करा. पाच मिनिटांनी पुन्हा बघा.

तिन्ही पेपरांत पास झाला तरच नियम टिकला म्हणायचं. आणि कामासाठी माणूस बोलावला असेल तर तिसरा पेपर त्याच्यासमोर घ्या, मग पैसे द्या. यात अविश्वास काही नाही. गवंड्याने टाकी बांधली की आपण पाणी भरून बघतोच की.

बॅकअप: चोपडीची झेरॉक्स

नियम टिकला, पण राउटरच जळला तर? पावसाळ्यात हे होतं. सिस्टिममधल्या बॅकअप अँड फ्लॅश फर्मवेअरच्या पानावर 'जनरेट आर्काइव्ह' दाबा. सगळ्या सेटिंगची एक फाइल उतरते. ती पेन ड्राइव्हवर ठेवा, पण कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका; त्यात वायफायचा पासवर्डही असतो. तुम्ही स्वतः बनवलेल्या फाइली या बॅकअपमध्ये येतात का, हे त्याच पानावरच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये यादी उघडून बघा. नसतील तर त्यांचा पत्ता यादीत लिहा. सॉफ्टवेअर अपडेट करताना सेटिंग ठेवा असं सांगितलं तरी राउटर याच यादीप्रमाणे फाइली ठेवतो.

सोबत एका साध्या वहीत चार रकाने आखा: तारीख, कोणता नियम, कशासाठी, शेवटची परीक्षा कधी घेतली. फाइल राउटरला कळते, वही माणसाला कळते. दोन्ही लागतात.

नेहमी होणाऱ्या चुका

- नियमाचा क्रम. फायरवॉल यादी वरून खाली वाचते. 'सगळ्यांना जाऊ द्या' या ओळीच्या खाली तुमची 'याला अडवा' ही ओळ असेल, तर तिची पाळीच येत नाही. नियम साठवलेला असतो, पण उपयोग शून्य.
- वेळेचे नियम. 'रात्री दहानंतर बंद' असा नियम टाकला असेल तर लक्षात ठेवा, बऱ्याच घरगुती राउटरांत घड्याळासाठी बॅटरी नसते. लाइट आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत राउटरचं घड्याळ चुकीचं असू शकतं, आणि तोवर नियमही चुकीच्या वेळेला चालतो.
- रेकॉर्डरचं घड्याळ. इंटरनेट बंद केल्यावर रेकॉर्डरलाही बाहेरून वेळ मिळत नाही आणि चित्रीकरणावरची वेळ हळूहळू सरकते. उद्या चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर हीच गोष्ट अंगाशी येते. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये राउटरलाच घरातल्या उपकरणांना वेळ देण्याचं काम देता येतं. टाइम सिंक्रोनायझेशनमध्ये ती सोय चालू करा आणि रेकॉर्डरमध्ये वेळेचा सर्व्हर म्हणून राउटरचा पत्ता लिहा.
- मोबाइलवर मॅक पत्त्याचा नियम. आजचे फोन वायफायला खरा मॅक पत्ता न देता बनावट पत्ता देतात. रेकॉर्डर, प्रिंटर यांना ही पद्धत चालते, फोनला नाही.

एवढं केलं की झालं का?

नाही. फायरवॉल हे एक कुलूप आहे, आणि एका कुलपावर दुकान सोडून कुणी जात नाही.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले होते. त्याची पद्धत अगदी साधी होती: कंपनीतून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड एकेक करून लावून बघायचे. त्या उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना काही तास मिळेनाशा झाल्या. गंमत म्हणजे मिराईसुद्धा फक्त रॅममध्ये, म्हणजे पाटीवरच राहायचा. उपकरण बंद करून सुरू केलं की पुसला जायचा. पण पासवर्ड तोच राहिला तर पुन्हा लागण व्हायची. पाटी पुसून काही होत नाही, चोपडीतली नोंद बदलावी लागते, हे इथेही खरंच.

म्हणून रेकॉर्डरचा आणि राउटरचा पासवर्ड आजच बदला. राउटरमधलं यूपीएनपी बंद ठेवा, कारण त्यामुळे उपकरणं तुम्हाला न विचारता बाहेरून आत येण्याची वाट उघडू शकतात. आणि मी केलं ते तुम्हीही करा: टेबलावरची लेबलं कॅमेऱ्याच्या नजरेतून हलवा. त्याला कसलंच तंत्रज्ञान लागत नाही.

बाहेरगावी असताना कॅमेरे बघायची खरंच गरज असेल, तर नियम काढू नका. राउटरवर वायरगार्ड बसवून स्वतःची सुरक्षित वाट करता येते. तो पुढच्या भागाचा विषय.

धंद्याचा धडा

मंडळी, हे फक्त राउटरपुरतं नाही. "उधारी पाचशेच्या वर द्यायची नाही" असं तुम्ही मदतनीस ताईंना तोंडी सांगता. त्या आठवडाभर पाळतात. मग त्या सुट्टीवर जातात, बदली बाई येते आणि नियम गेला. कुणाची चूक? तो कधी लिहिलाच नव्हता. जो नियम तुमच्या गैरहजेरीत, माणूस बदलल्यावर, लाइट जाऊन आल्यावरही चालतो, त्यालाच नियम म्हणायचं.

माझी लेक त्या दिवशी हसत फोनवर बोलली, म्हणून मला कळलं. तुम्ही कुणाच्या फोनची वाट बघू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातल्या राउटरला जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी करा. ज्यांना इंटरनेटची गरज नाही त्यांच्यापुढे खूण करा.

२. राउटर वरच्या पाचपैकी कोणत्या गटात बसतो ते शोधा.

३. एकच नियम टाका, एकच. त्याचे तिन्ही पेपर घ्या.

४. बॅकअप काढा आणि वहीत पहिली नोंद करा.

पुढच्या वेळी लाइट जाऊन आली की देवापुढे दिवा लावताना आणखी एक काम आठवा: मोबाइल डेटा चालू करा आणि ॲप उघडून बघा. चित्र दिसलं नाही, तर निवांत चहा घ्या.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काम चालू ठेवा, आणि नियम जतन करा!